निळा टॅग, निळा स्टिकर

वाशिमच्या पाटणी चौकापासून कारंजा-रिसोडच्या बाजारपेठेपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की जुना लॅपटॉप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘आय-फाइव्ह आहे ना?’ दुकानदार कीबोर्डशेजारच्या निळ्या स्टिकरवर बोट ठेवतो. ‘आहे ना भाऊ, पाहून घ्या.’ अर्धा सौदा तिथंच होतो. रॅम, हार्डडिस्क, बॅटरी हे नंतरचे प्रश्न. प्रोसेसरचा पुरता नंबर काय, हे बहुधा कुणी विचारतच नाही.

हे लॅपटॉप मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून घाऊक भावात काढलेले असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराला, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलीला, अडत दुकानाच्या मुनीमाला ते परवडतात, आणि बरेचसे नीट चालतातही. फसवतो तो स्टिकर, आणि तोही खोटं न बोलता. इंटेलचा ‘आय-फाइव्ह ६३००यू’ हा २०१५ चा, त्यात कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, दोन. ‘आय-थ्री १२१५यू’ हा २०२२ चा, नावानं खालच्या पायरीवरचा, पण कोअर सहा आणि कामात पहिल्याला सहज मागे टाकणारा. शिवाय पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे स्टिकर वाचून घेतलेलं यंत्र घरी येतं तेव्हाच त्याचं वय झालेलं असतं.

ही चलाखी एकट्या इंटेलची नाही. एएमडीचा ‘रायझन ५ ७५२०यू’ नावावरून २०२३ च्या पिढीचा वाटतो, पण त्याच्या पोटात २०१९ मध्ये आलेली ‘झेन २’ रचना आहे. खूण आहे ती नंबरातल्या तिसऱ्या आकड्यात, आणि ती कळायला कंपनीचा तक्ता समोर ठेवावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने नेमकं यावरच बोट ठेवलं, एएमडी जुना माल नव्या नावानं विकते असं सांगणारं सादरीकरण काढलं, आणि टीका होताच ते मागे घेतलं. पुढच्याच महिन्यात इंटेलने ‘कोअर ५ १२०यू’सारखे प्रोसेसर नव्या नावानं आणले. त्यांच्या आतली रचना आधीच्याच पिढीची होती.

वाशिमच्या माणसाला हा प्रकार समजवायला दूर जावं लागत नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीलाही निळाच टॅग असतो. पण तो टॅग बियाणं कंपनी लावत नाही. त्यामागे बीज प्रमाणीकरण यंत्रणा असते, आणि महाराष्ट्राच्या यंत्रणेचं मुख्य कार्यालय शेजारी अकोल्यातच आहे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हा आकडा कायद्याचा आहे. एवढं असूनही २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. म्हणून शहाणा शेतकरी टॅग पाहतो आणि तरीही ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून स्वतः उगवण तपासतो. प्रोसेसरच्या निळ्या स्टिकरमागे अशी यंत्रणा नाही. स्टिकर लावणाराही तोच, माल विकणाराही तोच. इथं गोणपाटातली चाचणी म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजणारा बेंचमार्क. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

मग या धंद्यात भरवसा आला कुठून? सर्वसाधारण उत्तर असं, की स्पर्धा असली म्हणजे कंपन्या सरळ वागतात. गेल्या चार-पाच दशकांतली प्रकरणं एकापुढे एक मांडली, की हे उत्तर निम्मंच खरं ठरतं. प्रतिस्पर्ध्यामुळे गिऱ्हाइकाला जायला दुसरं दार मिळतं, भाव उतरतात, हे खरं. पण मालातली खोट प्रतिस्पर्ध्यानं उघड केली असं क्वचितच झालं. ती बहुतेक वेळा दाखवली कुणा तिसऱ्यानं, ज्याला ना एकाचं विकायचं होतं ना दुसऱ्याचं.

सुरुवात दुसऱ्या दारापासून. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला आणि त्यात इंटेलचा ८०८८ घेतला. पण एकाच पुरवठादारावर विसंबायचं नाही हा आयबीएमचा दंडक होता. त्यामुळे तोच प्रोसेसर बनवायचा परवाना इंटेलला दुसऱ्या कारखान्याला द्यावा लागला आणि १९८२ च्या करारानं एएमडी ही इंटेलची दुसरी उत्पादक झाली. आज हाडवैरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्यांचं नातं असं गिऱ्हाइकाच्या हट्टातून जुळलं. १९८५ मध्ये ३८६ आला तेव्हा इंटेलने तो एकट्याकडे ठेवला. एएमडी लवादाकडे गेली, भांडण वर्षानुवर्षं चाललं, आणि मिटलं ते १९९५ मध्ये. दरम्यान १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला होता आणि किमती घसरल्या होत्या. त्याच वर्षी इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम सुरू केली. नकलेला कोर्टात थोपवता येईना, तेव्हा नावावर भिस्त ठेवायची, हा तो डाव. आपल्या दुकानातला स्टिकर त्या डावाचा वारस आहे.

इथे पुण्याचं एक नाव येतं. १९५० मध्ये पुण्यात जन्मलेले विनोद धाम. घराणं मराठी नव्हे, शिक्षण दिल्लीचं, पण जन्मगाव पुणे. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमच्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. हेच धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि १९९७ मध्ये पेंटियमला टक्कर द्यायला आलेला के६ त्या घरातूनच निघाला. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. स्पर्धा कंपन्यांची म्हणायची, पण घडवणारी माणसं या दारातून त्या दारात जात असतात. त्यामुळे ‘इंटेलची पोरं’, ‘एएमडीचे भक्त’ अशा आपल्याकडच्या कॉलेजांतल्या वादांना फारसा अर्थ उरत नाही.

पेंटियमचीच गोष्ट या सगळ्या प्रश्नाची उत्तम शाळा आहे. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांची उत्तरं जुळेनात. स्वतःचा प्रोग्राम तपासला, दुसरी यंत्रं तपासली आणि शेवटी दोष पेंटियमच्या भागाकारात आहे असं त्यांना आढळलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२ यायला हवं, तिथे पेंटियम १.३३३७३ देत होता. चौथ्या दशांशालाच चूक. इंटेलला हे आधी ठाऊक झालं होतं, पण कंपनीने वाच्यता केली नव्हती. बोभाटा झाल्यावर इंटेल म्हणाली, सामान्य वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. आयबीएमने आपलं गणित मांडलं आणि सांगितलं, २४ दिवसांत एकदा. आयबीएमने पेंटियमवाले कॉम्प्युटर पाठवणंही थांबवलं. मात्र तेव्हा आयबीएमचा पॉवरपीसी हा प्रोसेसर पेंटियमचा प्रतिस्पर्धी होता, हे विसरून चालणार नाही. २७,००० वर्षं आणि २४ दिवस, दोन्ही आकडे हितसंबंधातून आलेले. निर्मळ होता तो प्राध्यापकाचा भागाकार. २० डिसेंबर १९९४ ला इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला.

पुढचा टप्पा दुकानाच्या फळीवरचा. २००० च्या दशकात एएमडीचे ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ चांगले निघाले, तरी मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरांत ते फारसे दिसेनात. युरोपीय आयोगाने १३ मे २००९ ला याचं कारण निकालात लिहिलं. डेल, एचपी, लेनोवो, एनईसी यांना इंटेल अशा अटींवर सूट देत होती, की त्यांनी सगळा किंवा बहुतेक माल इंटेलचाच घ्यावा. जर्मनीच्या मोठ्या दुकानसाखळीला तर फक्त इंटेलचे कॉम्प्युटर विकण्यासाठी पैसे दिले जात होते. दंड झाला १०६ कोटी युरो. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन खासगी वाद मिटवला. पण युरोपच्या न्यायालयाने २०२२ मध्ये तो दंड रद्द केला, २०२३ मध्ये आयोगाने एका भागापुरता सुमारे ३७.६ कोटी युरोंचा दंड नव्यानं लावला, आणि सूट-प्रकरणातला रद्दबातल निर्णय २०२४ मध्ये सर्वोच्च युरोपीय न्यायालयानंही कायम ठेवला. इतक्या वर्षांत प्रोसेसरच्या किती पिढ्या भंगारात गेल्या असतील! कोर्टाचा न्याय कंपन्यांना मिळत असेल, गिऱ्हाइकापर्यंत तो पोहोचतो तेव्हा त्याचा कॉम्प्युटर चालू नसतो.

मला स्वतःला या सगळ्यांत सर्वांत जास्त खटकतं ते कंपायलरचं प्रकरण, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. प्रोग्रामरने लिहिलेल्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन म्हणजे कंपायलर. इंटेल तेही विकायची. त्यातून निघालेला प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरला कंपनीचं नाव विचारायचा. ‘जेन्युइन इंटेल’ असं उत्तर आलं तर वेगवान वाट, नाहीतर संथ वाट. दुसऱ्या प्रोसेसरात तीच क्षमता असली तरी संथच. म्हणजे बेंचमार्कमध्ये एएमडी मागे पडे, ते कधी कधी तिच्या कुवतीमुळे नव्हे, आडनाव विचारून पंगतीत खाली बसवल्यामुळे. ही गोष्ट चिकाटीनं मांडली ती डेन्मार्कच्या अॅग्नर फॉग या अभ्यासकाने. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत इंटेलला हे ग्राहकांना उघड सांगण्याची अट मान्य करावी लागली.

म्हणून एएमडी साधी भोळी ठरत नाही. २०११ मध्ये तिने ‘बुलडोझर’ रचनेचे आठ कोअरचे प्रोसेसर विकले. त्यांत दोन-दोन कोअर काही महत्त्वाचे भाग वाटून घेत होते. हे आठ म्हणायचे की चार, यावर ग्राहकांनी अमेरिकेत दावा लावला आणि २०१९ मध्ये कंपनीने १.२१ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

मग जानेवारी २०१८ उजाडला. ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी जाहीर झाल्या. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढची पायरी अंदाजानं आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला तर काम पुसतो. पण पुसल्यावरही खुणा उरतात आणि त्यांवरून गुपितं वाचता येतात, असा तो मुद्दा. मेल्टडाउनचा फटका मुख्यतः इंटेलला, स्पेक्टरचा जवळपास सगळ्यांना. शोधणारे होते गुगलचे संशोधक आणि ग्राझसारख्या विद्यापीठांतले अभ्यासक. इथं दोन्ही प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं एकाच वाटेनं धावत होते, त्यामुळे एकमेकांची चूक त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं समोर आलं, तेही गेम खेळणाऱ्यांच्या आणि गेम बनवणाऱ्यांच्या तक्रारींतून. कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

खरं तर वाशिम जिल्ह्यात सर्वाधिक प्रोसेसर लॅपटॉपांत नाहीत, खिशात आहेत. ई-पीक पाहणी, महाडीबीटीचा अर्ज, बाजार समितीचे भाव, सगळं मोबाइलवर. तिथे इंटेल-एएमडी दोघंही नाहीत. तिथली नावं क्वालकॉम, तैवानची मीडियाटेक, चीनची युनिसॉक. गोणपाटातल्या चाचणीची गंमत इथं झाली. एप्रिल २०२० मध्ये आनंदटेक या संकेतस्थळानं दाखवलं, की मीडियाटेकच्या कित्येक मोबाइलांत बेंचमार्क अॅपांची यादीच भरलेली आहे. परीक्षा सुरू झाली असं दिसलं की मोबाइल वेग वाढवतो, एरवी नाही. मीडियाटेकचं म्हणणं होतं, की सगळेच असं करतात. हे आनंदटेक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडलं. २७ वर्षं चाललेलं, चिप उकलून तपासणारं, जाहिरातीच्या पलीकडे पाहणारं ठिकाण. त्याची जागा आज बहुधा यूट्यूबवरचे ‘अनबॉक्सिंग’वाले भरतात, आणि त्यांना मोबाइल पाठवलेला असतो कंपनीनेच. माझ्या लेखी या आढाव्यातली ही सर्वांत वाईट बातमी आहे.

भारतात या कंपन्यांच्या वागण्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाचं लक्ष गेलं ते उशिरा. २०१८ मध्ये बेंगळुरूच्या वेलंकणी इलेक्ट्रॉनिक्सच्या तक्रारीवरून आयोगाने इंटेलच्या चौकशीचा आदेश दिला. सर्व्हरचा मदरबोर्ड घडवायला लागणाऱ्या आराखड्याच्या फाइली इंटेल देत नाही, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये दुसरी चौकशी लागली ती वॉरंटीवरून. बाहेरच्या देशातून अधिकृतपणे खरेदी करून भारतात आणलेल्या डबाबंद प्रोसेसरला इंटेल २०१६ पासून इथं वॉरंटी नाकारते, भारतातल्या ठरावीक वितरकाकडून घेतलेल्यालाच देते, अशी तक्रार एका आयातदाराने केली होती. वाशिमच्या दुकानदाराशी याचा थेट संबंध होता. त्याला माल येतो तो नागपूर, पुणे, दिल्लीच्या साखळीतून. डबा तोच, प्रोसेसर तोच, पण कुठल्या वाटेनं आला यावर तो बिघडल्यावर कुणी दारात उभं करील की नाही हे ठरत असे. आणि ती वाट गिऱ्हाइकाच्या बिलावर कुठेच लिहिलेली नसे.

सुपरकॉम्प्युटरपर्यंत आलं, की प्रश्न भरवशाच्या कंपनीचा राहत नाही, भरवशाच्या देशाचा होतो. त्याचीही सुरुवात वाशिमपासून फार दूर नाही. विजय भटकर यांचा जन्म १९४६ चा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा. तेव्हा वाशिमही अकोला जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. (मूर्तिजापूर आणि कारंजा यांना जोडणारी ‘शकुंतला’ आगगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो टापू निराळा सांगायला नको.) १९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेने मोठं यंत्र नाकारलं, धाकटं दिलं, तेही अटींवर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, भटकर तिचे प्रमुख झाले, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

लोकांना वाटतं परम म्हणजे सगळं स्वदेशी. प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, टी८०० ट्रान्सप्युटर. त्याची खुबी अशी, की एकेका चिपला शेजाऱ्याशी बोलायला चार दुवे असत, त्यामुळे अनेक साध्या चिप जोडून मोठं काम करता येई. एक बलाढ्य यंत्र मिळत नाही, तर सुटी मिळणारी लहान यंत्रं जोडू, हा सी-डॅकचा हिशेब. पण पुढचा टी९००० रखडत गेला आणि आला तेव्हा दिलेल्या वचनाइतका वेगवान नव्हता. एकाच कंपनीच्या चिपवर घर बांधल्याची ती किंमत. सी-डॅकने धडा घेतला तो पुढच्या यादीत दिसतो. परम ९००० मध्ये सुपरस्पार्क, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर४, परम युवामध्ये इंटेलचा झिऑन, २०२० च्या परम सिद्धीमध्ये एनव्हिडियाच्या जोडीला एएमडीचा एपिक. आयबीएमने १९८१ मध्ये जो दंडक पाळला, तोच पुण्यात वेगळ्या रूपात पाळला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्रांपैकी एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला मिळाला. सर्व्हर इथं घडवलेले, प्रोसेसर पुन्हा इंटेलचे.

स्वतःचा प्रोसेसर करायचा प्रयत्नही चालू आहे. सी-डॅकच्या ‘ऑम’ची आखणी ९६ कोअरची आहे, पण रचना आर्म कंपनीच्या परवान्याची आणि छपाई तैवानच्या टीएसएमसीकडची. म्हणजे दुसरं दार उघडलं तरी उंबरठा परक्याचाच. चिपच्या कारखान्याचं म्हणाल तर तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला, महाराष्ट्रात त्यावरून राजकारण तापलं, आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. तिकडे अमेरिकेतही रेषा पुसट होत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी आर्मच्या धास्तीनं एका सल्लागार मंडळात शेजारी बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला, आणि पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने तिच्यात ५०० कोटी डॉलर घालण्याचं जाहीर केलं. ज्या सरकारने नियम करायचे ते भागीदार आणि ज्याने टक्कर द्यायची तो गुंतवणूकदार, असं झाल्यावर स्पर्धेचा धाक किती उरणार याची मला शंका आहे.

त्या मानानं ‘रिस्क-फाइव्ह’चा रस्ता मला जास्त पटतो. प्रोसेसरची आज्ञावली तिथे सर्वांना खुली असते, वापरायला परवाना लागत नाही. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा ‘वेगा’ हे त्यावरच उभे आहेत. नाइसलींसारखा कुणी तिसरा उद्या इथं निघायचा असेल, तर त्याला तपासायला काहीतरी उघडं असावं लागतं. वेगा घराण्यातल्या ‘तेजस ३२’ चिपचे ‘एरीस’ नावाचे छोटे बोर्ड विद्यार्थ्यांना विकत मिळतात. त्यावर लॅपटॉप चालणार नाही. ही चिप १०० मेगाहर्ट्झची आहे, घड्याळाच्या वेगात १९९४ च्या पेंटियमइतकी. पण शेतातल्या मोटारीचा स्टार्टर, गोदामातला ओलावा मोजणारं यंत्र किंवा ठिबकचा व्हॉल्व्ह चालवायला त्याहून जास्त लागतही नाही.